दोन आपले, पाच गावाचे

सिस्टरच्या चेहऱ्यावरून कधी काही कळत नसे. हातात सुई असो, की पोटातल्या बाळाचे ठोके लागत नाहीत म्हणून बीडची गाडी बोलवायची वेळ असो, चेहरा तोच. शांत, थोडा झोपाळू, जणू तिच्या डोक्यात संध्याकाळच्या भाजीचा विचार चालला आहे. पोरं रडायची ती सुई बाहेर आल्यावर. "आता टोचणार का?" असं एखाद्यानं विचारलं की ती म्हणायची, "कवाच टोचलं राजा, शर्ट घाल." पोरगं दंडाकडे बघायचं, मग आईकडे, आणि मग ठरवायचं की आता रडावं.

तिला नाव होतं, पगारपत्रकावर छापलेलं होतं. पण धारूरच्या घाटाखालच्या आमच्या आरोग्य केंद्रात तिला सगळे सिस्टरच म्हणत. मी तिथं औषधांच्या खिडकीत रुजू झाले तेव्हा ती चाळिशीची होती आणि मी सव्वीसची. पहिल्या दिवशी मी कपाटं मोकळी केली, औषधं मुदतीप्रमाणे लावली आणि प्रत्येक कप्प्यावर यादी चिकटवली. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "लई झालं. आता माणसांवर न्हाई चिकटवायच्या चिठ्ठ्या." पण पुढच्याच आठवड्यात स्वतःच्या लसीकरणाच्या फेरीची यादी माझ्याकडून करून घेतली. "तू यादी केली की मला समजतं," असं ती म्हणायची. माझ्या याद्यांचं कौतुक करणारं माणूस मला आयुष्यात तेवढं एकच मिळालं. घरचे नुसतेच वैतागतात.

आमच्या रजिस्टरांचा एक नियम होता आणि तो इथं सांगणं भाग आहे. खाडाखोड करायची नाही. चुकीच्या नोंदीवर सरळ एक रेघ मारायची, वर बरोबर नोंद लिहायची आणि ज्याची चूक त्यानं शेजारी सही करायची. सिस्टरच्या रजिस्टरात अशा रेघा आणि सह्या पानोपानी असत. तिला त्याचं काही वाटत नसे. "सही करायची सवय राहती," म्हणायची. माझ्या साठ्याच्या रजिस्टरात अशी सही वर्षानुवर्षं एकही नव्हती. ते पान उलटून बघायची आणि म्हणायची, "नजर लागंल ह्याला. एक तरी चूक कर गं." मी हसायचे, आणि मनातून फुशारायचे.

पत्त्यांशी तिचं जुनं वैर होतं. उपकेंद्राच्या ओट्यावर दुपारची चार-सहा माणसं तीन पत्ती कुटत बसायची, आणि लसीच्या दिवशी बायकांना आत यायला लाज वाटायची. सिस्टर बाहेर यायची, न बोलता मधले पत्ते गोळा करायची आणि आत जायची. मागायला कुणी आलं तर त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लावायची. असे तीन-चार जोड तिच्या कपाटात जमले. एकदा लसीकरणाची कार्डं संपली आणि नवी महिनाभर आली नाहीत, तेव्हा तिनं पत्त्यांच्या कडेला पुढची तारीख लिहून आयांच्या हातात द्यायला सुरुवात केली. डोस ठरलेला, पत्ता ठरलेला. गोवरला बदामची राणी, ट्रिपलच्या दुसऱ्या डोसाला चौकटचा गुलाम. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही चित्र लक्षात राहायचं. ऊसतोडीला गेलेली एक बाई पाच महिन्यांनी परत आली ती पदराच्या गाठीतून इस्पिकचा राजा काढत. "ह्याचं राह्यलंय बगा," म्हणाली. त्या बाईच्या पोराचा एकही डोस चुकला नाही.

निवृत्तीनंतर तिनं किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोन खोल्या बांधल्या. मागे सीताफळाची सहा झाडं. नवरा कधीच वारलेला. मुलगी लातूरला दिलेली, मुलगा मिलिंद पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत. सिस्टर एकटी राहायची आणि तिचं उत्तम चाललं होतं. रोज सकाळी किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालत जायची, येताना कुणाचं तरी बीपी बघून यायची.

पुढे एका दिवाळीत मिलिंद मुलीला घेऊन आला आणि त्यानं सांगितलं की कंपनी त्याला परदेशी पाठवते आहे. मे महिन्यात येईन तेव्हा तुझं काय ते ठरवू, म्हणाला. ठरवायचं म्हणजे लातूरला बहिणीच्या फ्लॅटमध्ये नेऊन ठेवायचं. त्याचंही खोटं नव्हतं. गॅस एकदा चालू राहिला होता, आणि फोन ती झाडाखाली असली की उचलत नसे. सिस्टरनं त्याच्याशी वाद घातला नाही. मला मात्र दुसऱ्या दिवशी बोलवून घेतलं.

"ते बापलेक एक पत्त्यांचं खेळतेत," ती म्हणाली. "पोकर का काय. मी म्हनले मला बी शिकवा. तर मिलिंद म्हनतो, आई, डोकं लागतं त्याला, तुला आता न्हाई झेपायचं. नात हसली नुसती."

"मग?"

"मग काय. मे महिन्यात बसते त्यांच्यात. डोकं हाय का न्हाई त्याला दिसू दे. तू यादी करून दे."

म्हणजे खेळायची हौस हे कारण नव्हतंच. तिला स्वतःच्या घरात राहायचं होतं, आणि त्यासाठी मुलासमोर परीक्षा द्यायची होती. विषय त्याचाच निवडला होता. मला ते फार आवडलं. मी लगेच कामाला लागले.

मोबाइलवर एका बाईचा शिकवणीचा व्हिडिओ सापडला. मी वही घेऊन बसले आणि एकूण सतरा नियम लिहून काढले. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून. मग चाल, म्हणजे डावावर लावायचं. मग मधोमध तीन पत्ते उघडे, ते सगळ्यांचे. पुन्हा चाल. मग चौथा, मग पाचवा, दर वेळी चाल. शेवटी आपले दोन आणि मधले पाच अशा सातांतून चांगले पाच निवडायचे. सिस्टरनं हे सगळं ऐकून घेतलं आणि सतरा नियमांचं एका दमात करून टाकलं: "म्हंजी दोन आपले, पाच गावाचे."

पुढचे सहा महिने दर रविवारी दुपारी आम्ही खेळलो. पैसे लावायचे नाहीत हे तिनं आधीच सांगितलं होतं. सीताफळाची बी म्हणजे एक, चिंचोका म्हणजे पाच. बिया तिनं पावडरच्या डब्यात धुऊन वाळवून ठेवल्या होत्या. शेजारीण एकदा दारातून डोकावली, दोन बायका पत्ते खेळताना बघून तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, सिस्टर, हे काय आरंभलंय. सिस्टरनं मान वर न करता सांगितलं, "लसीच्या तारखा टाकतोय." शेजारीण पटल्यासारखी निघून गेली.

खेळातल्या शब्दांना तिनं दवाखान्यातली नावं दिली. चाल न वाढवता नुसतं थांबायचं असलं की म्हणायची, "उद्या या." पत्ते टाकून डाव सोडायचा असतो ही गोष्ट तिला पहिले दोन महिने पटली नाही. हातात दुर्री-सत्ती असली तरी ती शेवटपर्यंत बसायची आणि बिया घालवायची. मी समजावून थकले. मग एका रविवारी तिनं पत्ते बघितले, मधले तीन बघितले आणि आपले दोन उपडे ठेवले. "रेफर," म्हणाली. "हा पेशंट आपल्यानं व्हायचा न्हाई. बीडला पाठवा." त्या दिवसापासून ती बरोबर सोडायला शिकली, आणि मग मला तिच्याशी जिंकणं कठीण झालं. त्या चेहऱ्यापुढे कोण जिंकणार? पत्ते भिकार असताना ती सुई लपवल्यासारखी चाल करायची, आणि मी दंड पुढे करायचे.

आता चुकीबद्दल. कोणता हात कोणत्यापेक्षा मोठा, याची दहा ओळींची उतरंड मी वेगळ्या कागदावर लिहून दिली होती. व्हिडिओतली बाई वरून खाली येत होती. चार सारखे, मग तीन आणि दोन. हे आपल्या तीन पत्तीत नसतं म्हणून मी नीट ऐकून लिहिलं. तेवढ्यात लाइट गेली आणि त्याबरोबर नेटही. संध्याकाळी पुन्हा लावलं ते थोडं पुढून लागलं. तिथं बाई सांगत होती की तीन सारखे हे सीक्वेन्सच्या खाली येतात. मी चमकले. आपल्याकडे तीन सारखे, म्हणजे ट्रेल, सगळ्यांच्या वर. मी ते लिहिलं आणि शेजारी चांदणी काढली: "इथे फरक, लक्षात ठेवणे." हा फरक आपण पकडला याचा मला इतका आनंद झाला, की मधल्या राहिलेल्या दोन ओळी मी न बघता भरल्या. आधी सीक्वेन्स, म्हणजे ओळीतले पत्ते, खाली कलर, म्हणजे एका रंगाचे. आमच्या भागात हे कुणी बघायला जात नाही. ओट्यावरच्या तीन पत्तीचा आवाज ज्यांनी जन्मभर ऐकला आहे त्यांना सीक्वेन्स कलरपेक्षा मोठा असतो हे उजव्या-डाव्या हातासारखं माहीत असतं. सिस्टरनंही यादी वाचून मान डोलावली. पोकरमध्ये ते बरोबर उलटं आहे. पाच एका रंगाचे ओळीतल्या पाचांना मारतात. औषधाच्या प्रत्येक पट्टीची मुदत उजेडात धरून बघणारी मी, त्या दोन ओळी पुन्हा तपासल्या नाहीत. सहा महिन्यांत आमच्या दोघींच्या डावात सीक्वेन्स आणि कलर समोरासमोर आले नाहीत. आले असते तरी आम्ही खुशाल चुकीचा निकाल दिला असता.

मे महिन्यात मिलिंद आणि त्याची मुलगी आर्या आले. सून परदेशाच्या तयारीत पुण्यालाच राहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरनं मला बोलवून घेतलं. कूलरसमोर सतरंजी टाकली होती, मधे पावडरचा डबा. माझी यादी प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिनं सतरंजीखाली गुडघ्याशी ठेवली होती. मी खेळणार नव्हते, भिंतीला टेकून बसले. परीक्षेला पोरगी बसवलेल्या आईसारखं मला झालं होतं.

पहिला तासभर ती फार सुंदर खेळली. दोन वेळा "रेफर" केलं, आर्यानं अर्थ विचारला आणि हसून सतरंजीवर आडवी झाली. मग तीही रेफर करायला लागली. एका डावात सिस्टरनं काही नसताना मिलिंदला पळवून लावलं आणि पत्ते उघडे करून दाखवले. तो आईकडे बघतच राहिला. "आजी, तू कुठं शिकलीस हे?" आर्यानं विचारलं. सिस्टरनं नुसतं माझ्याकडे हनुवटीनं दाखवलं. त्या क्षणी मी जगातली सगळ्यात समाधानी बाई होते.

मग तो डाव आला. मध्ये बदामची सत्ती, इस्पिकची अठ्ठी, बदामची नव्वी. मिलिंदनं पत्ते टाकून डाव सोडला. चौथा बदामचा राजा, पाचवी किलवरची दुर्री. सिस्टरनं पुढ्यातल्या सगळ्या बिया आणि चिंचोके दोन्ही हातांनी मध्ये सरकवले. आर्यानं विचार केला आणि तिनंही सरकवले. सिस्टरनं पत्ते मांडले: दश्शी आणि गुलाम. सत्ती ते गुलाम, सलग पाच. आणि ती बिया ओढायला लागली.

"आजी, थांब. माझा फ्लश आहे," आर्या म्हणाली. तिच्याकडे बदामचा एक्का आणि बदामची चव्वी होती.

"कलर व्हय? कलर खाली असतंय. सीक्वेन्स मोठा."

"ते तीन पत्तीत, आई," मिलिंद म्हणाला. हसला, पण वाईट हसला नाही. "ह्यात उलटं असतं. मी म्हणलो होतो ना, हे वेगळं आहे. कुठं लिहिलेलं होतं का तसं?"

सिस्टरनं बियांवरचा हात काढला. दुसरा हात गुडघ्याशी गेला आणि प्लास्टिकचं पाकीट सतरंजीखाली आणखी आत सरकलं. ते फक्त मला दिसलं. चेहऱ्यावर काही नव्हतं.

"लिहिलेलं बरोबर हाय," ती म्हणाली. "मीच उलटं वाचलं."

मी तोंड उघडलं होतं. हे मी शपथेवर सांगते. पण मिलिंद माझ्याकडे वळला होता, आर्या बघत होती, आणि मला वाटलं, आता नको, मग निवांत सांगू. एवढ्यात सिस्टर चहा टाकायला उठली. मी निघाले तेव्हा मिलिंद फाटकापर्यंत आला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हीच बघितलं ना. गॅस चालू राहतो, फोन उचलत नाही, आणि आता लिहिलेलं उलटं वाचते. अशीला मी कसं एकटं सोडू?" त्याचीही एक यादी होती. तीन कलमांची. त्यातलं तिसरं खोटं आहे हे त्या घरात दोनच माणसांना माहीत होतं. मी मान हलवली. नाही म्हणून हलवली नाही.

आठ दिवसांत सिस्टर लातूरला गेली. कदाचित त्यानं तिला तरीही नेलं असतं. दोन कलमं तर खरी होती. मी स्वतःला हे पुष्कळदा सांगून बघितलं आहे.

मी दर सोमवारी नवी यादी करते आणि न झालेली कामं पुढच्या यादीत ओढते. "मिलिंदला फोन करून सांगणे" हे काम त्या मे महिन्यानंतरच्या पहिल्या सोमवारी मी लिहिलं. मग ते ओढत राहिले. गिरणीच्या खाली, विजेच्या तक्रारीच्या वर, अशा जागी ते दीड वर्ष प्रत्येक यादीत आहे. त्या वह्या माझ्याकडे आहेत.

सिस्टरचा फोन रविवारी दुपारी यायचा, खेळायच्या वेळेला. तिसऱ्या मजल्यावरचं घर, लेक-जावई दिवसभर कामाला. "लिफ्टनं खाली, लिफ्टनं वर. वाटंत मानूस भेटतच न्हाई, बीपी कुनाचं बगू?" असं एकदाच म्हणाली. नंतर इमारतीतल्या तीन म्हाताऱ्या तिनं गोळा केल्या आणि त्यांना खेळ शिकवला. बियांचा डबा ती सोबत घेऊन गेली होती. मी एकदा धीर करून म्हणाले, सिस्टर, त्या दिवशी ती यादी माझी चुकली होती, मी मिलिंदला सांगते. तिकडून लगेच उत्तर आलं. "कावून? झालं गेलं. तुजं रजिस्टर कोरं ऱ्हाऊ दे." आणि विषय सीताफळांवर नेला, बहर आला का, पाणी कोण घालतंय. मी पाणी घालत होते. तेवढं मी केलं.

गेल्या थंडीत चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. मी दुपारी लातूरला पोहोचले. मिलिंद आणि आर्या दुसऱ्या दिवशी आले. सगळं आटोपल्यावर मी त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं. यादी माझी, चूक माझी, तिनं जसं लिहिलं होतं तसंच वाचलं होतं. मला वाटलं चिडेल. मी त्याची वाट बघत होते.

"म्हणजे आई बरोबर खेळली होती," तो म्हणाला.

एवढंच. मग गॅलरीत जाऊन उभा राहिला.

निघताना आर्यानं बियांचा डबा आणि ते प्लास्टिकचं पाकीट माझ्या हातात दिलं. आजी याच्यावरूनच सगळ्यांना शिकवायची, काकू, तुम्हीच ठेवा, म्हणाली. घरी येऊन मी कागद बाहेर काढला. माझं अक्षर, दहा ओळी, ती फुशारकीची चांदणी. सीक्वेन्स आणि कलर या दोन ओळींवर निळ्या पेननं सरळ एक-एक रेघ मारलेली होती. वर नीट लिहिलं होतं, आधी कलर, मग सीक्वेन्स. आणि शेजारी, नियमाप्रमाणे, सही. सिस्टरची.

तिच्या सहीच्या उजवीकडे थोडी जागा होती. मी तिची सही खोडली नाही. खाडाखोड चालत नाही. त्या जागेत आणखी एक सही बसत होती, ती मी केली. तारीख आजची घातली. मागची तारीख घालता येत नाही, हाही नियमच आहे.